जायफळ, लवंग आणि तोफा: मसाल्याच्या बेटांवरून युरोपीयांची भांडणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शाळेच्या इतिहासात हा विषय एका ओळीत उरकतो: कॉन्स्टँटिनोपल तुर्कांनी घेतलं, जुन्या वाटा अडल्या, मसाल्यासाठी युरोपीय समुद्रमार्गे पूर्वेला निघाले. ते नेमके कुठे पोचले, तिथे आपसांत कसे भांडले आणि ज्यांच्या परसात ही झाडं होती त्यांचं काय झालं, हे त्या ओळीत मावत नाही. खालचे प्रश्न बहुतेक एकाच भागाबद्दल आहेत, आजच्या इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या मालुकू बेटांबद्दल. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच, इंग्रज आणि सगळ्यांत शेवटी चोरपावलांनी फ्रेंच, असे पाचही जण इथे येऊन गेले. वसाहतींची चढाओढ समजून घ्यायला याहून बरी जागा मला तरी माहीत नाही.

एवढं काय होतं त्या बेटांवर?

दोन झाडं. पहिलं लवंगेचं. ते मालुकूच्या उत्तर भागात तर्नाते, तिदोरे, मोती, माकियान आणि बाचान या बेटांवर व्हायचं. दुसरं जायफळाचं. ते बरंच खाली दक्षिणेला, बांदा नावाच्या दहा-अकरा चिमुकल्या बेटांच्या पुंजक्यात. त्यातही नाव घेण्यासारखी बेटं मोजकीच: लोंथोर (मोठं बांदा), नैरा, आय, रुन आणि रोझेंगाइन. शेजारी गुनुंग आपी हा धुमसता ज्वालामुखी. रुन तर जेमतेम तीन किलोमीटर लांब. प्यायचं पाणीसुद्धा तिथे पावसाचं साठवून ठेवावं लागे.

१८ वं शतक संपत येईपर्यंत जगाला लागणारं जवळजवळ सगळं जायफळ या पुंजक्यातून येत होतं. माल वजनाला हलका, वाळवला की वर्षानुवर्षं टिकणारा आणि किंमत भरमसाट. जहाजाच्या पोटात जागा थोडी आणि प्रवास दोन-दोन वर्षांचा, तेव्हा व्यापाऱ्याला असाच माल हवा असतो. साखर किंवा कापूस शंभर ठिकाणी पिकवता येतो, त्यामुळे तिथे सगळी जमीन ताब्यात घेणं कुणाच्या आवाक्यातलं नसतं. बांदाची मात्र पाच-सहा बेटं धरली की जगातलं जायफळ मुठीत आलं. बांदाच्या लोकांचं दुर्दैव या हिशेबातच होतं.

बांदा म्हणजे आपल्या सावंतवाडीजवळचं का?

नाही. नावापलीकडे काहीही संबंध नाही.

जायफळ आणि जायपत्री एकाच झाडाची?

एकाच फळाची. फळ पिवळसर, साधारण जर्दाळूच्या रूपाचं. पिकलं की उकलतं आणि आत लालभडक जाळी दिसते, ती जायपत्री. जाळीच्या आत टणक कवच आणि कवचाच्या आत आपण किसतो ते जायफळ. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे काही वर्षं, कुठलं कोणतं ते कळत नाही. कोकणातल्या नारळ-सुपारीच्या बागांत जायफळ लावणाऱ्यांना ही डोकेदुखी चांगली ठाऊक आहे.

युरोपीय यायच्या आधी हा माल जगभर कसा जायचा?

हातोहात. बांदाचे लोक आपल्या होड्यांतून उत्तरेकडच्या बेटांवरून लवंग आणत. जावाचे आणि मलय व्यापारी बांदाला येऊन तांदूळ, साबुदाणा आणि कापड देत आणि जायफळ, जायपत्री, लवंग घेऊन मलय द्वीपकल्पावरच्या मलाक्का बंदराला जात. मलाक्कात गुजराती व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. तिथून माल खंबायतला, एडनला, होर्मुझला, मग कैरो-अलेक्झांड्रियाला आणि शेवटी व्हेनिसला. प्रत्येक टप्प्यावर किंमत चढायची. व्हेनिसच्या व्यापाऱ्यालाही हे झाड कुठे उगवतं ते माहीत नव्हतं.

यात आपल्याकडच्या वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट कापडाची. मालुकूत युरोपच्या लोकरीला कोण विचारतो? तिथे चालायचं गुजरातचं आणि चोळमंडल किनाऱ्याचं सुती कापड. पुढे डच आणि इंग्रज सुरत, मछलीपट्टण, पुलिकत इथे वखारी घालून बसले, त्यामागचं एक मोठं कारण हेच. हिंदुस्थानात कापड घ्यायचं, ते मसाल्याच्या बेटांत देऊन मसाला उचलायचा आणि मगच घरची वाट धरायची.

पोपने जग स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वाटून दिलं, हे खरं आहे का?

अर्धवट खरं. १४९३ मध्ये पोप सहावा अलेक्झांडर याने अटलांटिक समुद्रात एक रेघ सुचवली, तीही स्पेनच्या सोयीची. पोर्तुगालला ती मानवली नाही. मग दोन्ही राजसत्तांनी आपसांत बोलणी करून ७ जून १४९४ रोजी तोर्देसियासचा तह केला. केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीग (अंतराचं जुनं सागरी माप) अंतरावर उभी रेघ. पलीकडचं स्पेनचं, अलीकडचं पोर्तुगालचं. बाकीच्या जगाला कुणी विचारलं नव्हतं, हे सांगायला नको. फ्रान्सच्या आणि इंग्लंडच्या राजांनाही नाही, आणि त्यांनी ती रेघ कधी जुमानलीही नाही.

मग वाटणी झाल्यावर ते दोघे मालुकूवरून का भांडले?

कारण पृथ्वी गोल आहे. रेघ एका बाजूला ओढली, पण ती फिरून पलीकडच्या बाजूला कुठे येते हे ठरवलंच नव्हतं.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा आणि १५११ मध्ये मलाक्का घेतलं. मलाक्काहून पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने लगेच आंतोनियो द आब्रेउच्या हाताखाली जहाजं पूर्वेला धाडली. १५१२ मध्ये ती बांदाला पोचली. त्या तुकडीतला फ्रान्सिस्को सेर्राओ जहाज फुटल्यामुळे मागे राहिला, तर्नातेच्या सुलतानाचा मर्जीतला माणूस बनला आणि तिथेच रमला. त्याने आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रांत ही बेटं फार पूर्वेला असल्याचं रंगवून सांगितलं. मित्राचं नाव फर्डिनांड मॅगेलन.

मॅगेलन पोर्तुगीजच, पण स्वतःच्या राजाशी बिनसलेलं. त्याने स्पेनच्या राजाला पटवलं की इतकी पूर्वेला असलेली बेटं स्पेनच्या अर्ध्या भागात पडतात आणि पश्चिमेकडून जाऊनही गाठता येतात. १५१९ मध्ये पाच जहाजं निघाली. मॅगेलन १५२१ मध्ये फिलिपीन्समधल्या मक्तान बेटावर मारला गेला. उरलेली दोन जहाजं त्याच वर्षी नोव्हेंबरात तिदोरेला पोचली. त्यांपैकी ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज एल्कानो नावाच्या नाविकाच्या हाताखाली लवंग भरून सप्टेंबर १५२२ मध्ये स्पेनला परतलं. त्यावर माणसं होती अठरा. पृथ्वीप्रदक्षिणेचं कौतुक नंतरचं. तेव्हाची खरी बातमी ‘लवंग मिळाली’ ही होती.

मग १५२४ मध्ये दोन्ही बाजूंचे नाविक आणि भूगोलतज्ज्ञ सरहद्दीवर, बादाहोस आणि एल्व्हास या गावांत जमले. रेखांश अचूक मोजायची सोय त्या काळात नव्हतीच. प्रत्येकाने आपापल्या राजाला हवा तसा नकाशा काढला आणि बैठक मोडली. शेवटी १५२९ मध्ये सारागोसाचा तह झाला. पैशाच्या ओढाताणीत असलेल्या स्पेनच्या राजाने मालुकूवरचा हक्क पोर्तुगालला ३,५०,००० डुकॅट या सोन्याच्या नाण्यांना दिला.

गंमत पुढेच आहे. आजच्या मोजणीने पाहिलं तर मालुकू मुळातच पोर्तुगालच्या वाट्यात पडतात. म्हणजे पोर्तुगालने आपलंच घर विकत घेतलं. आणि फिलिपीन्ससुद्धा पोर्तुगालच्याच वाट्यात येतात, पण १५६५ पासून स्पेन तिथे जाऊन बसला तो तीन शतकं हलला नाही. बसला त्याचं झालं. या विषयातले बहुतेक तह मला असेच वाटतात: आधी ताबा, मग कागद.

पोर्तुगीजांनी ही बेटं जिंकली होती का?

जिंकली म्हणणं फार होईल. तर्नातेवर १५२२ मध्ये त्यांनी किल्ला बांधायला घेतला, पण ते तिथे सुलतानाच्या मर्जीने आणि तिदोरेशी असलेल्या त्याच्या वैरामुळे टिकून होते. तर्नाते आणि तिदोरे समोरासमोर, दोघांत पिढीजात हाडवैर. एकाने पोर्तुगीजांना आसरा दिला की दुसऱ्याने स्पॅनिशांना बोलावलंच. युरोपीयांनी स्थानिकांना एकमेकांविरुद्ध वापरलं असं आपण नेहमी म्हणतो. इथे दोन्ही सुलतानांनीही युरोपीयांना तितक्याच सफाईने वापरलं.

१५७० मध्ये पोर्तुगीजांनी सुलतान हैरुन याच्याशी शपथेवर समेट केला आणि लगेच त्याला किल्ल्यात बोलावून भोसकलं. त्याचा मुलगा बाबुल्लाह याने पाच वर्षं किल्ल्याला वेढा घातला आणि १५७५ मध्ये पोर्तुगीजांना तर्नातेतून घालवून दिलं. चार वर्षांनी इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक तिथे आला तेव्हा याच बाबुल्लाहने त्याचं स्वागत केलं. शत्रूचा शत्रू तो, शिवाय त्याला लवंग हवी होती. बांदात तर पोर्तुगीजांना किल्लाही पुरा करता आला नाही. नैरावर नुसता पाया घालून ते निघून गेले.

डचांना पूर्वेची वाट कुणी दाखवली?

इथे गोवा येतं. यान ह्यूखेन व्हान लिन्स्खोतेन नावाचा डच तरुण १५८० च्या दशकात गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता. पोर्तुगीज आपले सागरी नकाशे आणि वाऱ्या-प्रवाहांची माहिती जिवापाड जपत. हा गृहस्थ पाच-सहा वर्षं तिथे बसून सगळं टिपून घेत राहिला. मायदेशी परतल्यावर त्याने ते १५९६ मध्ये छापलं. जलमार्ग, बंदरं, कुठे काय पिकतं, कुठे पोर्तुगीजांचं बळ तोकडं आहे, सगळं त्यात होतं. डचांची पहिली जहाजं १५९५ मध्येच निघाली होती. १५९९ मध्ये त्यांचे लोक बांदाला उतरले.

डच आणि इंग्रज, दोन्ही कंपन्याच. मग डच इतके वरचढ कसे झाले?

भांडवल. इंग्रजांच्या कंपनीला सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० रोजी, डचांच्या कंपनीला २० मार्च १६०२ रोजी. पण इंग्रजांनी पहिल्या सफरीसाठी सुमारे ६८,००० पौंड जमवले होते आणि सफर संपली की हिशेब करून पैसे वाटून टाकायचे, अशी त्यांची रीत. डच कंपनीने सुरुवातीलाच ६४ लाख गिल्डरहून जास्त रक्कम उभी केली, म्हणजे इंग्रजांच्या आठ-दहा पट, आणि ती परत काढून न घेता धंद्यात अडकवून ठेवली. असा पैसा असेल तरच किल्ले बांधता येतात, शिपाई पोसता येतात, नफ्यासाठी दहा वर्षं थांबता येतं. शिवाय युद्ध, तह आणि किल्लेबंदी करायचा अधिकार डच सरकारने सनदेतच लिहून दिला होता. आपल्या जुन्या कागदांत डचांना वलंदेज म्हणतात. तो वलंदेज वखारवाला नुसता दुकानदार नव्हता.

१६०५ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून मालुकूतल्याच अंबोन बेटावरचा किल्ला जवळपास न लढता घेतला. पुढच्याच वर्षी स्पॅनिशांनी मनिलाहून येऊन तर्नाते घेतलं आणि १६६३ पर्यंत ते त्या भागात टिकून राहिले. पण खरी चुरस आता डच आणि इंग्रज यांच्यात होती.

बांदाच्या लोकांनीच करार मोडले, असं वाचलं. खरं का?

डचांच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासात असंच आहे. बांदाला राजा नव्हता. गावोगावचे ओरांग काया, म्हणजे वजनदार म्होरके, मिळून कारभार पाहत. डचांनी १६०२ पासून त्यांतल्या काहींकडून ‘आमच्याशिवाय कुणालाही माल विकणार नाही’ असे कागद करून घेतले. ज्यांनी सही केली नाही, त्यांना तो कागद बंधनकारक कसा? आणि सही केलेल्यांनी तरी तो का पाळावा? डच देत होते ते कापड महाग, तांदूळ वेळेवर नाही. जावाचे व्यापारी नाही आले तर बेटावर उपासमार, कारण धान्य तिथे पिकतच नव्हतं. चूल पेटायची असेल तर करार मोडावाच लागे.

१६०९ मध्ये फेरहूफन नावाचा दर्यासारंग मोठा काफिला घेऊन आला आणि पोर्तुगीजांनी सोडलेल्या त्याच पायावर नासाऊ किल्ला बांधू लागला. ओरांग कायांनी त्याला बोलणीसाठी झाडीत बोलावलं आणि सुमारे चाळीस माणसांसह कापून काढलं. त्या काफिल्यात यान पीटरझोन कून नावाचा एक तरुण दुय्यम व्यापारी होता. बारा वर्षांनी तो पुन्हा आला.

रुन बेटावर इंग्रज काय करत होते?

चिकाटीने उपाशी राहत होते. डिसेंबर १६१६ मध्ये नॅथॅनियल कोर्टहोप दोन जहाजं घेऊन रुनला उतरला. तिथल्या म्होरक्यांनी डचांच्या भीतीपोटी आपलं बेट इंग्लंडच्या राजाच्या हवाली करत असल्याचं लिहून दिलं. लवकरच दोन्ही जहाजं गेली. उरली मूठभर माणसं, काही तोफा आणि पावसाचं पाणी. डचांच्या वेढ्यात कोर्टहोपने जवळपास चार वर्षं बेट धरून ठेवलं. लाच देऊ केली तरी हलला नाही. ऑक्टोबर १६२० मध्ये रात्री होडीतून जाताना डचांनी त्याला गाठून मारलं.

इकडे लंडनमध्ये १६१९ च्या जुलैमध्येच दोन्ही कंपन्यांचा समेट झाला होता. मसाल्याच्या बेटांतल्या व्यापारात इंग्रजांना तिसरा हिस्सा मिळायचा होता. ती बातमी पूर्वेला पोचायलाच कित्येक महिने लागले. तोवर कून डचांचा गव्हर्नर जनरल झाला होता आणि त्याने जावावरचं जयकर्ता जाळून त्या जागी बटाव्हिया (आजचं जकार्ता) वसवायला घेतलं होतं. समेट ऐकून तो संतापला. मालुकू, अंबोन आणि बांदाच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या कणावरही इंग्रजांचा हक्क नाही, असं त्याने वरिष्ठांना लिहिलं.

१६२१ मध्ये बांदात नेमकं काय झालं?

फेब्रुवारी १६२१ मध्ये कून स्वतः आला. सोबत दीड हजाराहून जास्त डच शिपाई आणि भाड्याने आणलेले काही डझन जपानी तलवारबाज. समेटाप्रमाणे इंग्रजांनाही ‘या’ म्हटलं होतं, पण त्यांच्याकडे पाठवायला जहाजंच नव्हती. मार्चमध्ये डच लोंथोरवर उतरले आणि एक-दोन दिवसांत किनारा त्यांच्या हाती आला. लोक डोंगरात पळाले. गावं जाळली, होड्या फोडल्या, धान्य येण्याच्या वाटा बंद केल्या. बरेच जण भुकेने गेले. काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या.

मे महिन्यात नासाऊ किल्ल्याबाहेर वेळूचं कुंपण घालून ४४ ओरांग काया आत आणले. कट केल्याचा आरोप होता आणि कबुल्या छळ करून घेतलेल्या होत्या. जपानी शिपायांनी त्यांची मुंडकी उडवली. हे पाहणाऱ्या एका डच अधिकाऱ्याने स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि त्याला ते सहन झालेलं नाही हे त्याच्या मजकुरात कळतं.

स्वारीपूर्वी बांदाची लोकसंख्या १५,००० च्या आसपास होती असं मानतात. त्यानंतर बेटांवर उरले हजारभर. सातशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बटाव्हियाला नेली. डच कंपनीच्या संचालकांनी ‘थोडं सौम्यपणे करता आलं असतं’ अशा अर्थाचं कळवलं. पुढे १६२७ मध्ये त्यांनी कूनलाच परत गव्हर्नर जनरल केलं.

मोकळी झालेली जमीन ६८ तुकड्यांत वाटली. त्या तुकड्याला ‘पर्क’ म्हणत आणि तो कसणाऱ्या युरोपीयाला ‘पर्कनीर’. माल कंपनीलाच द्यायचा, कंपनी ठरवेल त्या भावाने. काम करायला गुलाम, दूरदूरच्या बेटांवरून आणि काही हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरूनही आणलेले. झाडांची निगा कशी राखायची हे त्यांना शिकवायला उरलेसुरले बांदावासी. आपल्याच बागेत, आपलं कसब परक्यासाठी राबवत.

अंबोनचं हत्याकांड म्हणजे हेच का?

नाही, ते वेगळं, आणि मेलेल्यांच्या आकड्याने बघितलं तर फार लहान. १६२३ मध्ये अंबोनच्या किल्ल्यावर एका जपानी शिपायाने पहाऱ्याबद्दल जरा जास्तच चौकशी केली. डच गव्हर्नर व्हान स्प्यूल्टला कटाचा वास आला. नाका-तोंडावर फडकं बांधून वर पाणी ओतत राहायचं, अशा छळाने कबुल्या मिळाल्या आणि वीसेक माणसांची डोकी उडाली. त्यांत १० इंग्रज होते, त्यांचा प्रमुख गॅब्रिएल टॉवरसनसह. बाकी बहुतेक जपानी.

लंडनमध्ये या प्रकरणाच्या सचित्र पुस्तिका निघाल्या आणि पुढची पन्नास वर्षं, डचांशी युद्ध जुंपलं की त्या पुन्हा छापल्या जात. पहिल्या इंग्रज-डच युद्धानंतरच्या १६५४ च्या तहात मेलेल्यांच्या वारसांना भरपाईही मिळाली. बांदाच्या हजारो लोकांसाठी ना पुस्तिका निघाली ना भरपाई. दहा इंग्रजांचं मरण ‘हत्याकांड’ म्हणून युरोपच्या आठवणीत राहिलं आणि दोनच वर्षांपूर्वीचं अख्ख्या बेटांचं मरण तळटीपेत गेलं, ही तफावत मला सगळ्यांत बोलकी वाटते.

रुन देऊन इंग्रजांनी मॅनहॅटन घेतलं, ही गोष्ट खरी आहे का?

ऐकायला झकास, पण अशी अदलाबदल कुणी टेबलावर बसून केली नाही. १६५४ च्या तहाने रुन इंग्रजांना परत द्यायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात मिळालं १६६५ मध्ये आणि लगेच दुसऱ्या इंग्रज-डच युद्धात गेलंही. त्याआधी डचांनी तिथली जायफळाची झाडं तोडून टाकली होती. इकडे १६६४ मध्ये इंग्रजांची चार जहाजं मॅनहॅटनवरच्या न्यू ॲमस्टरडॅम या डच गावासमोर उभी राहिली आणि डच गव्हर्नर स्टाउव्हेसांटला गाव मुकाट्याने द्यावं लागलं. त्याचं नाव झालं न्यूयॉर्क.

३१ जुलै १६६७ च्या ब्रेडाच्या तहात दोघांनी एक साधं तत्त्व मानलं: ज्याच्या हातात आज जे आहे, ते त्याचं. रुन डचांच्या हातात होतं, ते डचांचं झालं. न्यूयॉर्क इंग्रजांच्या हातात होतं, ते त्यांचं. आणि दक्षिण अमेरिकेतलं सुरीनाम डचांनी तेव्हा नुकतंच जिंकलं होतं, तेही त्यांनाच. उसाच्या मळ्यांमुळे सुरीनामचं वजन त्या काळी मोठं होतं. शिवाय १६७३ मध्ये डचांनी न्यूयॉर्क पुन्हा जिंकलं आणि १६७४ च्या तहात परत केलं. त्यामुळे ‘डच किती मूर्ख’ हा शेरा आजच्या जमिनीचा भाव बघून मारलेला आहे. त्या घडीला त्यांच्या वहीत हिशेब चोख होता.

नुसती बेटं घेऊन मक्तेदारी टिकली कशी?

झाडं तोडून. लवंग फक्त अंबोन आणि आसपास ठेवायची, बाकी सगळीकडची उपटायची असं धोरण ठरलं. १६५२ मध्ये तर्नातेच्या सुलतानाला वार्षिक रक्कम बांधून देऊन त्याच्याच मुलखातली लवंगेची झाडं तोडायची परवानगी घेतली. दरसाल ‘होंगी’ नावाच्या फेऱ्या निघत. स्थानिकांच्याच लांब वल्हवायच्या होड्या, त्यांवर सक्तीने बसवलेले वल्हेकरी आणि बेटाबेटावर जाऊन चोरून लावलेली झाडं शोधायची.

चोरटा माल सुलावेसी बेटावरच्या मक्कासर बंदराला जाई. मक्कासरच्या दरबारात पोर्तुगीज, इंग्रज, डेन्मार्कचे लोक, सगळ्यांना मुक्तद्वार होतं. डचांनी बुगी सरदार आरुंग पालाक्का याला हाताशी धरून १६६६ मध्ये स्वारी केली. नोव्हेंबर १६६७ मध्ये सुलतान हसनुद्दीनला बोंगायाच्या तहावर सही करावी लागली आणि बाकीच्या युरोपीयांना तिथून हाकलण्यात आलं. ब्रेडाचं आणि बोंगायाचं वर्ष एकच. पहिलं सगळ्यांना ठाऊक, दुसरं फारसं कुणाला नाही.

इंग्रज तिकडे हरले म्हणून हिंदुस्थानात आले, असं म्हणतात. तुमचं मत?

सोयीचं विधान आहे. सुरतेला इंग्रजांची वखार अंबोनच्या प्रकरणाआधी दहा वर्षं उभी होती, मुघलांची परवानगी मिळालेली होती. तिकडची वाट अडल्यावर इकडे लक्ष वाढलं, एवढं म्हणता येईल. आणि शत्रुत्वही सरळ रेषेत चालत नाही. अंबोनला इंग्रजांची मुंडकी उडवणाऱ्या डचांबरोबरच इंग्रजांनी ऑक्टोबर १६२६ मध्ये जोडीने मुंबईवर छापा घातला आणि पोर्तुगीजांची तिथली इमारत जाळली.

पुढे १६३७ मध्ये डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली, ती गोव्याच्या नाकेबंदीवर असलेल्या जहाजांना रसद पुरवता यावी म्हणून. तिचे पडके अवशेष अजून आहेत. मलाक्का १६४१ मध्ये आणि कोचीन १६६३ मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेलं. या डच धाकामुळेच तर १६६१ मध्ये पोर्तुगालने राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडला आंदण दिली. आपण लग्नाची गोष्ट सांगतो, पण बदल्यात इंग्रजांनी पूर्वेकडच्या पोर्तुगीज ठाण्यांचं डचांपासून रक्षण करायचं होतं. कोचीन गेलं तेव्हा कुणी आलं नाही, ते सोडा.

डचांची मक्तेदारी शेवटी मोडली कुणी?

एका थोट्या फ्रेंच माणसाने सुरुवात केली. प्येर प्वाव्र हा आधी धर्मप्रचारक. १७४५ मध्ये इंग्रजांच्या तोफेच्या गोळ्याने त्याचा हात गेला. नंतर त्याने मसाल्याची रोपं पळवण्याचा ध्यासच घेतला. तो मॉरिशसचा कारभारी असताना, १७७० च्या सुमारास, त्याच्या माणसांनी मालुकूच्या आडबाजूच्या बेटांवरून लवंगेची आणि जायफळाची रोपं आणली. बांदातून बाहेर पडणारं जायफळ चुन्यात बुडवलेलं असे, कीड लागू नये म्हणून आणि रुजू नये म्हणूनही. त्यामुळे रुजणारं बी मिळवणं सोपं नव्हतं.

तोवर डच कंपनी कर्जात बुडाली होती. १७९९ च्या अखेरीला तिचा कारभार गुंडाळला गेला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आणि नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजांनी बांदा दोनदा घेतलं, १७९६ मध्ये आणि १८१० मध्ये, आणि परत देण्याआधी रोपं पेनांगला आणि इतर ठिकाणी लावून टाकली. दोनशे वर्षं ज्या बेटांसाठी रक्त सांडलं, ती परत करायला आता त्यांना काहीच वाटलं नाही.

आज जायफळ कुठून येतं?

मुख्यतः इंडोनेशिया आणि भारत, शिवाय ग्वाटेमाला, श्रीलंका, ग्रेनाडा. ग्रेनाडाच्या झेंड्यावरच जायफळ आहे, पण २००४ च्या चक्रीवादळाने तिथल्या बहुतेक बागा झोपवल्या. भारतात केरळ पुढे आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ या जातीही काढल्या आहेत.

बांदाचे मूळ लोक आज कुठे आहेत का?

आहेत. १६२१ मध्ये काही जण होड्यांतून निसटले आणि आग्नेयेकडच्या काई बेटांवर पोचले. मोठ्या काईवर त्यांनी दोन गावं वसवली, बांदा एली आणि बांदा एलात. बांदात आज राहतात ते बहुतेक नंतर आणलेल्या मजुरांचे आणि व्यापाऱ्यांचे वंशज, आणि त्यांच्या तोंडी मलय वळणाची बोली आहे. मूळ बांदा भाषा बांदात कुणी बोलत नाही. ती बोलतात काईवरच्या त्या दोन गावांत.